थायरॉईडचा पाचवा महिना

मला थायरॉईड झाला तो लिफ्टमध्ये. तळमजल्यावर आत शिरले तेव्हा मी धडधाकट होते आणि पाचव्या मजल्यावर बाहेर पडले तेव्हा मला थायरॉईड होता. मधल्या वेळात एवढंच झालं, की आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेन माझ्याकडे खालून वर बघत म्हणाल्या, "वहू आता छान भरली हां!" आणि शेजारी भाजीची पिशवी धरून उभ्या असलेल्या माझ्या सासूबाई एका दमात म्हणाल्या, "थायरॉईड झालाय हो तिला."

घरात आल्यावर नवऱ्याला हे कळलं. तो म्हणाला, "अगं आई, थायरॉईड गळ्यात असतो. हिचं पोट वाढतंय."

"मग? वाढत वाढत खाली येता," सासूबाई म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

खरं सांगायचं तर मला चौथा महिना लागला होता. सासूबाई मालवणकडच्या. लग्न होऊन मुलुंडला आल्या त्याला किती वर्षं झाली, पण कायदा गावचाच. पाचवा पुरा होईपर्यंत बाहेर चकार शब्द काढायचा नाही, नजर लागते. तिसऱ्या महिन्यात चोर ओटी भरायची, म्हणजे घरच्या घरी, गुपचूप. आमच्याकडे ती इतकी गुपचूप भरली, की स्वयंपाकघराची खिडकी लावली, पडदा ओढला, वरून टीव्हीचा आवाज मोठा केला. मलाही आयत्या वेळी कळलं. मी ओल्या हातांनीच पदर पुढे केला आणि सासूबाईंनी नारळ असा टाकला, जणू पोलिसांची गाडी कोपऱ्यावर आलीय. माझे नवे ढगळ कुर्तेसुद्धा गॅलरीतल्या दोरीवर वाळत पडायचे नाहीत. ते आत, पंख्याखाली, खुर्चीच्या पाठीवर. दमट वास यायचा त्यांना.

मी काही या नजरबिजरच्या भानगडींवर विश्वास ठेवणारी नाही. एरवी असतं तर कडाकडा भांडले असते. या वेळी गप्प बसले, कारण आदल्या वर्षी एक बाळ तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं.

तेव्हा मी स्वतःच ढोल पिटला होता. चाचणीवर दोन रेघा दिसल्या आणि मी आठवड्याभरात अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. सासूबाई नको नको म्हणत होत्या, मी म्हटलं, आई, आता कुणी असं मानत नाही. मग ते गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, कुणाचीही चूक नाही, असं होतं. ते मला पटलंही. पण बाळ जाणं एकदाच होतं, सांगणं रोज होतं. लिफ्टमध्ये विचारायचे, जिन्यात विचारायचे, गेटवर इस्त्रीवाला विचारायचा. चौथ्या मजल्यावरचे काका तर गावाहून दोन महिन्यांनी परतले आणि लांबूनच ओरडले, "अभिनंदन! डोहाळजेवणाला बोलवा हां आम्हाला!" मी सांगितलं. त्यांचा चेहरा असा काही पडला, की शेवटी मीच त्यांना "असू द्या हो काका, असू द्या" करत समजावत बसले. घरी येऊन चपला न काढता बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

आणि त्या पहिल्याशी मी बोलायचे फार. सकाळी उठल्यापासून सुरू. आज आई इडली खाणार, आज आईच्या बॉसची वाट लागली, आज आईला तुझ्या बाबाचा राग आलाय. म्हणून या वेळी ठरवून टाकलं होतं. हे येणार अशी पुरती खात्री पटेपर्यंत याच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. बोललं की माया लागते. लोकांपासून लपवायचं काम सासूबाईंनी घेतलं होतं, माझ्यापासून लपवायचं मी.

पण शरीर कुणाच्या बापाचं ऐकतं का? तिसऱ्या महिन्यापर्यंत कांदा परतायला घेतला तरी मी बेसिनकडे धावायचे. चौथा लागला आणि उलट्या नळ बंद करावा तशा थांबल्या. मग भूक सुटली. कसली भूक हो! दुपारी दोन डबे खायचे, माझा आणि ऑफिसातल्या मैत्रिणीचा. सासूबाईंनी कोलंबीचं सुकं केलं की नवऱ्याच्या ताटात किती कोलंब्या पडल्या यावर माझी बारीक नजर. केस गळायचे थांबले, गाल चमकायला लागले, ऑफिसात मला विचारायला लागले की बाई गं, फेसवॉश कुठला. मी मनात म्हणायचे, फेसवॉश आतून लावतेय. पण देव एका हाताने देतो आणि दुसऱ्याने काढून घेतो. नाक कायमचं चोंदलेलं, दात घासले की हिरड्यांतून रक्त, झोपेत पोटरीला असा पेटका यायचा की मी आईऽऽ म्हणून किंचाळायचे आणि सासूबाई झोपेतून "काय गो?" म्हणत धावत यायच्या. बेंबीखाली एक काळपट रेघ उमटली, सरळ, पट्टीने आखल्यासारखी. आणि मी घोरायला लागले. नवरा म्हणाला, "मालगाडी गेली गं रात्री." सासूबाईंनी तिथेही बाजू सांभाळली. "थायरॉईडात घोरतत," त्या म्हणाल्या. घरात कुणी परकं नसतानाही! त्यांचा त्यावर आता खरोखरच विश्वास बसला होता की काय, देव जाणे.

नवऱ्याने मोबाईलमध्ये एक ॲप घेतलं होतं. दर आठवड्याला बाळ केवढं झालं ते त्यात यायचं. ॲप परदेशी. एक दिवस म्हणालं, तुमचं बाळ आज ॲव्होकॅडोएवढं. सासूबाई म्हणाल्या, "ता काय आणि?" तेव्हापासून त्याने भाषांतर करायला घेतलं. बटाटेवडा झाला, मग कच्चा आंबा झाला. एका रविवारी त्याने जाहीर केलं, "आज डोक्यापासून पायापर्यंत मोठ्या बांगड्याएवढं!" सासूबाईंनी त्याला लाटणं दाखवलं. मला त्या दुपारी समोरचा बांगडा घशाखाली उतरेना. माझा जीव की प्राण असलेला बांगडा!

तो वाचायचा तेव्हा मी लक्ष नसल्यासारखं करायचे. भांडी आपटायचे, फोनवर बोलायचे. पण कान तिकडेच. भुवया आल्या. नखं आली. बोटांवर रेषा उमटल्या, त्या जन्मभर बदलत नाहीत. अंगभर बारीक लव आलीय. आतल्या आत उचक्या लागतात. उचक्या! एवढ्याशा जिवाची कोण आठवण काढत असेल? मी तर काढत नव्हते. मी काढत नाही असं मला वाटत होतं.

इकडे बिल्डिंगीत माझ्या थायरॉईडची बातमी पसरली आणि लोकांना आमच्याबद्दल भारी उमाळा आला. समोरच्या बेन एक दिवसाआड शहाळं आणून द्यायला लागल्या. "थायरॉईडमां बेस्ट, मलई पण खायची हां." पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांनी मोरावळ्याची बरणी पाठवली, रोज सकाळी एक चमचा, थायरॉईडवर रामबाण. मागाहून लोणी आणि खडीसाखर आली, तीही थायरॉईडवरच. वॉचमन माझ्या हातातली पिशवी हिसकावून घ्यायला लागला, "मॅडम, थायरॉईड में वजन नहीं उठाने का." लिफ्ट बंद पडली की एरवी पंधरा दिवस "माणूस येतोय" असं सांगणाऱ्या सेक्रेटरींनी त्याच दिवशी माणूस आणला. मी सगळं मटकावत होते आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, की अशा आजारात लोणी-खडीसाखर कोण देतं! भुकेपुढे अक्कल चालत नाही, दुसरं काय.

सासूबाई मात्र खूश. "बघलंस? कोणाक पत्तो लागलो नाय," म्हणायच्या आणि शहाळ्याला स्ट्रॉ टोचून माझ्या हातात द्यायच्या.

माझं ऑफिस घाटकोपरला. सासूबाईंनी लोकलचा प्रवास बंद करून टाकला होता, रिक्षाने जायचं. रस्ता भांडुपवरून, आणि त्या रस्त्याला खड्डे आहेत असं म्हणणं चुकीचं, खड्ड्यांना मधूनमधून रस्ता होता. एका सकाळी रिक्षावाला असा काही सुटला, की माझं डोकं दोनदा वरच्या दांडीला लागलं. मी खवळले. "ओ भैया! धीरे चलाव ना! मेरेको थायरॉईड है!"

त्याने आरशातून मागे पाहिलं. मी दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. वेग एकदम उतरवून तो म्हणाला, "मेरी बीवी को भी था मैडम. अभी पहिली में पढ़ता है."

मी बाहेर बघायला लागले. रिक्षा आता वरातीसारखी चालली होती. आणि तेव्हाच आत काहीतरी झालं. कुणीतरी आतून हलकेच टिचकी मारावी तसं. मी म्हटलं, गॅस. सकाळी दोन बटाटेवडे खाल्ले होते, वर मिसळीचा रस्सा. परत टिचकी. मी श्वास धरला. तिसरी जरा जोरात, डाव्या बाजूला. गॅस असा दार वाजवत नाही.

मी कुणाला काही बोलले नाही, पण ऑफिसात दिवसभर माझा एक हात टेबलाखाली. त्या दिवसानंतर माझी वेगळीच पंचाईत झाली. हललं की जीव भांड्यात पडायचा आणि तासभर गप्प राहिलं की भांडं उपडं. मग गार दूध पी, डाव्या कुशीवर पड, हात ठेवून वाट बघ. मनातून त्याला शिव्यासुद्धा घालायचे नाही मी, कारण शिव्या म्हणजे बोलणंच. नुसती वाट बघायची. डॉक्टर म्हणाल्या, एवढ्यात असं तास मोजून हलत नाही, लहान आहे, आत जागा पुष्कळ आहे, झोपतं ते. मला पटायचं आणि घरी आल्यावर परत दूध.

पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी झाली. "येथे लिंगनिदान केले जात नाही" या पाटीखाली आम्ही तिघं ओळीने बसलो होतो, सासूबाई हातातल्या पिशवीला घट्ट धरून. आत डॉक्टरबाई एकेक भाग दाखवत गेल्या. हा कणा, हे मूत्रपिंड, हा ओठ, बघा नीट आहे. हे हृदय, चार कप्पे. आम्ही तिघं वन बीएचकेमध्ये कोंबलेलो आणि याच्या एकट्याच्या हृदयाला चार खोल्या! नवरा हे तिथल्या तिथे बोलून दाखवल्याशिवाय राहिला नाही. डॉक्टरबाई हसल्या. मग जेल पुसायला मला कागद देत सहज म्हणाल्या, "सगळं छान आहे. आणि आता याला हळूहळू ऐकू यायला लागेल बरं का. बोलत जा."

मी पोट पुसता पुसता थांबले. आता यातून काय ऐकू जाणार होतं याला? माझं रिक्षावाल्यांशी भांडण, मिक्सर, सासूबाईंचं "कोणाक सांगू नको हां गो", आणि माझं घोरणं. त्याच्यासाठी म्हणून एक शब्द नाही. घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले, कुर्ता वर केला, तोंड उघडलं. आवाजच फुटेना. मनात एकच, आत्ता बोलले आणि उद्या काही झालं तर? सगळं छान आहे असं सांगितलं होतं ना त्या बाईने! तरी नाही. कुर्ता खाली केला आणि भांडी घासायला घेतली, मोलकरणीने आधीच घासलेली.

सोनोग्राफीनंतरचा शनिवार म्हणजे आमच्याकडचं संक्रांतीचं हळदीकुंकू. सासूबाईंनी मुहूर्त धरून ठेवला होता. पाचवा पुरा झालेला, रिपोर्ट चांगला, आता जाहीर करायचं. त्या नऊवारी नेसल्या. बिल्डिंगीतल्या बायका आमच्या हॉलमध्ये दाटीवाटीने बसल्या, हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे दिले. मग सासूबाई मधोमध उभ्या राहिल्या. घसा खाकरला.

"एक सांगायचं होतं. आमच्या सुनेला थायरॉईड नाही."

समोरच्या बेननी डोळे एवढे मोठे केले. "अरे! तो शुं छे?"

"दिवस गेलेत तिला. पाचवा पुरा झाला."

कोपऱ्यातून कुणाच्या तरी नाकातून हसू फुटलं, आणि पुढे जो काही हशा उसळला! एकीच्या हातातला तिळगूळ खाली पडला. बेन तर सोफ्याचा हात धरून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी. सासूबाई कानकोंड्या होऊन उभ्या. "हसताय कशाला? हसण्यासारखं काय त्यात?"

"अहो," पहिल्या मजल्यावरच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "थायरॉईडला लोणी-खडीसाखर कोण देतं? आम्हाला चौथ्यापासून माहितीय. वॉचमनला तर आमच्याआधी कळलं."

सासूबाई मटकन खुर्चीवर बसल्या. "मग बोलला नाही कुणी?"

हसणं जरा ओसरलं. बाई माझ्याकडे वळल्या. शिकवताना बोलत असतील तशाच, शांत. "मागच्या वेळी आम्ही सगळ्यांनी हिला विचारून विचारून भंडावलं होतं. मग एकेकीला सांगताना हिचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हाच आम्ही आपसात ठरवलं, पुढच्या वेळी हिने तोंडाने सांगितल्याशिवाय कुणी विचारायचं नाही. तुम्ही थायरॉईड म्हणालात, आम्ही थायरॉईड म्हणालो."

झालं. मी भोकाड पसरलं. वाण हातात धरून, कपाळावर ओलं कुंकू, नाक चोंदलेलं, भोकाड. बेननी मला कुशीत घेतलं, कुणी पाणी आणलं, कुणी म्हणालं रडू नको गं, पोटातल्याला कळतं. बाईंनी सासूबाईंकडून तांदूळ-नारळ मागून घेतले आणि माझी ओटी भरली. दार सताड उघडं, टीव्ही बंद. सासूबाई शेजारी उभ्या राहून पुटपुटत होत्या, "माका तरी सांगूचा होता मेल्यांनी," आणि पदराने डोळे टिपत होत्या.

सगळ्या गेल्या. सासूबाई आत उरलेले डबे लावायला लागल्या, नवरा खुर्च्या परत द्यायला खाली गेला. मी गॅलरीत स्टुलावर बसले. संध्याकाळचं खाली पोरं क्रिकेट खेळत होती. मला एकच गोष्ट परत परत लागत होती. या बाळाला कितीतरी दिवसांपासून शहाळं मिळत होतं, मोरावळा मिळत होता. त्याच्यासाठी लिफ्ट दुरुस्त झाली होती, एका अनोळखी माणसाने रिक्षा सावकाश चालवली होती. सगळ्यांनी त्याला कधीच घरातलं मानलं होतं, कसलीही खात्री नसताना. खात्री काय फक्त मला हवी होती? ती त्यांनाही नव्हती. मागचं त्यांनीही पाहिलं होतं.

मी पोटावर हात ठेवला. दुपारपासून हललं नव्हतं. गार दूध आणायला उठले नाही.

"ए," म्हटलं. आवाज घोगरा आला, रडून बसलेला. "ऐकतोयस की ऐकतेयस, जे असशील ते. मी आई."

आत सगळं शांत. टिचकी नाही, काही नाही.

"राहू दे. उत्तर नको देऊस, झोप तू," म्हटलं. "मी बोलते, मला येतं बोलायला." खालून कुणीतरी आऊट झाल्याचा गलका झाला. तो थांबेपर्यंत थांबले. मग स्टूल जरा भिंतीकडे ओढलं आणि पहिल्यापासून सांगायला बसले.

"तुझ्या आधी इथे एकजण राहून गेलंय," म्हटलं. "त्याची गोष्ट आधी ऐक."